कै. डॉ. वसंत रामजी खानोलकर

तानसा तलावाचे पाणी प्रचंड नळांतून मुंबईस जाते, हे आमच्या शाळेतील पाचवीच्या मुलासही ठाऊक आहे. 1892 साली धरण पुरे झाले, तेव्हापासून हा ओघ चालू आहे. परंतु त्याच दिशेने आमच्या भागातून आणखी एक ओघ वाहत असतो, त्याकडे आमचे लक्ष सहसा जात नाही. पहाटेच्या गाडीच्या वेळी आसनगाव किंवा आटगाव स्टेशनावर जाऊन उभे राहावे, म्हणजे गालावरून उपरणे गुंडाळलेला एखादा गृहस्थ आणि त्याच्या कागदांची पिशवी सांभाळीत उभा असलेला त्याचा मुलगा दृष्टीस पडतो. ते कोठे निघाले आहेत, हे कोणी विचारीत नाही. ते परळास निघालेले असतात. परळच्या ज्या रुग्णालयाकडे ही माणसे जातात, त्याच्या प्रयोगशाळांचा पाया ज्यांनी घातला, त्या डॉक्टर वसंत रामजी खानोलकर यांचे चरित्र यंदाच्या अंकात थोडक्यात सांगावे, असे आम्ही योजिले आहे.

खानोलकरांचा जन्म 13 एप्रिल 1895 रोजी झाला. त्यांचे घराणे गोमंतकीय. वैद्यकाच्या उच्च शिक्षणासाठी ते विलायतेस गेले व 1923 साली लंडन विद्यापीठाची एम्. डी. ही पदवी त्यांनी संपादन केली. त्यांनी निवडलेला विषय विकृतिशास्त्राचा होता. डॉक्टर म्हटला म्हणजे नाडी पाहणारा, सुई टोचणारा, शस्त्रक्रिया करणारा असे चित्र आमच्या डोळ्यांपुढे येते. विकृतिशास्त्रज्ञ यांपैकी काहीच करीत नाही. रोग्याचे व त्याचे तोंडदेखील बहुधा जुळत नाही. रोग्याच्या शरीरातून काढलेला तांदळाच्या दाण्याएवढा तुकडा त्याच्याकडे येतो. तो तुकडा मेणात बसवून त्याच्या अतिशय पातळ चकत्या पाडतात. इतक्या पातळ की, अशा दोनशे चकत्या एकावर एक रचल्या तरी त्यांची जाडी सुमारे एक मिलिमीटर भरावी. मग त्या निळ्या व गुलाबी रंगांत बुडवून काचपट्टीवर ठेवतात आणि सूक्ष्मदर्शक यंत्रातून पाहतात. निरोगी पेशी शेतातील ओळीने लावलेल्या रोपांप्रमाणे दिसतात. कर्करोगाच्या पेशी मात्र बांध फोडून भलत्या शेतात शिरलेल्या दिसतात. शस्त्रवैद्याने सुरी हाती घ्यावी की न घ्यावी, हे पुष्कळदा या काचपट्टीवरून ठरते. हे काम कीर्तीचे नव्हे. पंधरा-पंधरा वर्षे मान वाकवून काचेत पाहत बसावे आणि रोग्याने आभार दुसऱ्याचे मानावेत, असा हा व्यवसाय आहे. खानोलकरांनी तो आपण होऊन पत्करिला.

स्वदेशी परत आल्यावर त्यांनी मुंबईस ग्रँट मेडिकल कॉलेजात व नंतर परळच्या शेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेजात अध्यापन केले. हे दुसरे कॉलेज 1926 साली निघाले. तेथील अध्यापकवर्ग हिंदी असावा, अशी अट देणगीदारांनी घातली होती. हिंदी डॉक्टर रोग्यांवर उपचार करू शकतील, पण शास्त्रात नवी भर त्यांच्या हातून पडणार नाही, असे त्या काळी पुष्कळांना वाटत असे. अशा वेळी खानोलकरांसारख्या शिक्षकाने विद्यार्थ्यांच्या मनांत संशोधनाची गोडी उत्पन्न केली, ही गोष्ट आम्हां शिक्षकांना त्यांच्या पुढील मानसन्मानांहून मोठी वाटते.

कॉलेजाच्या शेजारीच टाटा स्मारक रुग्णालय उभे राहिले. सर दोराबजी टाटा यांच्या पत्नी लेडी मेहेरबाई 1931 साली विलायतेत रक्ताच्या कर्करोगाने निवर्तल्या; पुढच्याच वर्षी सर दोराबजीही गेले. त्यांच्या विश्वस्त निधीतून हे रुग्णालय बांधण्यात आले व 28 फेब्रुवारी 1941 रोजी त्याचे उद्घाटन झाले. तेथील प्रयोगशाळांचे व संशोधनाचे प्रमुखपद खानोलकरांकडे आले. त्या वेळी त्यांचे वय पंचेचाळीस वर्षांचे होते.

येथून त्यांच्या आयुष्यातील खरे कार्य सुरू होते. कर्करोग हा पुढारलेल्या, सुखवस्तू देशांचा रोग असून हिंदुस्थानात तो विरळा आढळतो, असा समज तेव्हा सर्वत्र पसरला होता. आपल्या लोकांचा समज आणखी निराळा. पूर्वजन्मीचे पाप, कोणाची करणी, नशिबाचे भोग अशी कारणे ते सांगत. (आमच्या ख्रिस्ती मंडळींनी येथे हसू नये. देवाची इच्छा एवढे म्हणून स्वस्थ बसणारे आमच्यांतही थोडे नाहीत.) खानोलकरांपुढे मात्र रोज नवे तुकडे येत होते, आणि त्यांतील कितीतरी तुकडे तोंडातले होते. विलायतेतील ग्रंथांत तोंडाच्या कर्करोगास एवढे स्थान नव्हते. मग येथेच असे का व्हावे? या प्रश्नाचे उत्तर काचपट्टीवर मिळण्यासारखे नव्हते. ते रोग्याच्या घरी, त्याच्या खिशात, त्याच्या नेसण्यात शोधणे भाग होते.

अशा शोधास आधार नव्हता असे नाही. लंडनमध्ये पर्सिव्हल पॉट या शस्त्रवैद्याने 1775 साली धुराडी साफ करणाऱ्यांच्या कर्करोगाचे कारण काजळी हे दाखविले होते. काश्मीरात मिशनचे डॉक्टर एल्म्स्ली यांनी 1866 साली व पुढे श्रीनगरच्या मिशन रुग्णालयातील डॉ. अर्नेस्ट नेव्ह यांनी, थंडीत पोटाशी निखाऱ्यांची कांगडी धरणाऱ्या लोकांना पोटावर व मांड्यांवर होणाऱ्या कर्करोगाचे वर्णन केले होते. आपल्या मिशनऱ्यांचा हा वाटा आम्ही अभिमानाने नमूद करितो. खानोलकरांनी हीच वाट पुढे चोखाळली.

1945 साली त्यांनी सूर्याबाई या सहकारिणीसह एक निबंध अमेरिकेतील शास्त्रीय मासिकात प्रसिद्ध केला. लोकांच्या रूढींशी निगडित असे कर्करोगाचे तीन नवे प्रकार त्यात वर्णिले होते. पहिला धोतराचा. कमरेस धोतर वर्षानुवर्षे घट्ट आवळल्याने, घर्षणाने व घामाने तेथील कातडी काळवंडते, जाड होते, आणि क्वचित् तेथेच व्रण होऊन कर्करोग जडतो. दुसरा चुट्ट्याचा. आंध्रच्या किनाऱ्यावर, विशाखापट्टणच्या बाजूस, चुट्टा नावाची जाड चिरूट पेटते टोक तोंडात धरून ओढण्याची चाल आहे, व बायकांत ती विशेष आहे. अशा माणसांना कर्करोग होतो तो टाळूस, म्हणजे जेथे आच लागते नेमका तेथे. तिसरा प्रकार खैनीचा. तंबाखूत चुना मळून ती चिमूट खालचा ओठ व हिरडी यांच्या खोबणीत ठेवावयाची, ही चाल बिहारकडील. आणि कर्करोग होतो तोही त्याच खोबणीत.

वाचकहो, तिसरा प्रकार वाचताना बिहारपर्यंत जाण्याची गरज आहे काय? आमच्या शहापूर-मुरबाडच्या शिवारात बांधावर बसून तळहातावर तंबाखू-चुना मळणारा, अंगठ्याने चोळून दोन टिचक्या मारणारा आणि बार भरणारा माणूस कोणी पाहिला नाही? घरातील बायकांची मशेरी तर तंबाखू भाजूनच केलेली असते. चिमूट जेथे ठेवावी तेथेच रोग व्हावा, या जुळणीतच खानोलकरांना उत्तर सापडले. रोग नशिबाने येता तर त्याने चिमटीची जागाच का निवडावी?

याचे कारण असे की, तंबाखूत शरीरास बाधक अशी अनेक द्रव्ये असतात. चुन्याने तोंडातील नाजूक अस्तर पोळते, शिवाय तंबाखूतील निकोटीन झपाट्याने सुटे होऊन रक्तात शिरते. म्हणूनच चुन्यावाचून बाराला मजा नाही असे खाणारे म्हणतात. ही द्रव्ये पेशींवर रोज थोडी थोडी परिणाम करीत राहतात. प्रथम पांढरा चट्टा पडतो. तो दुखत नाही, म्हणून माणूस निश्चिंत असतो. मध्यंतरी दहा, वीस वर्षेही जातात. खाण्याचा आरंभ शाळेच्या वयात आणि व्रण नातवंडे खेळविण्याच्या वयात, असे अंतर पडल्यामुळे दोहोंचा संबंध घरच्या माणसांच्या ध्यानात येत नाही. आम्ही हे पुस्तकातून वाचूनच लिहितो असे नाही. कॉलेजात असताना मित्रांच्या संगतीने चुन्याची डबी आमच्याही खिशात आली व बारा वर्षे तेथे राहिली. वर्गात तंबाखूच्या दुष्परिणामांचा धडा शिकवून आम्ही मधल्या सुटीत शाळेच्या मागे जात होतो, हे येथे कबूल करणे आम्हांस प्राप्त आहे. एका विद्यार्थ्याने पाहिले, तो काही बोलला नाही. त्या दिवसापासून डबी सुटली.

खानोलकरांनी शोध येथेच सोडला नाही. एकेक रोगी पाहून झालेले मत आकड्यांनी पारखून घेतले पाहिजे, असा त्यांचा कटाक्ष होता. डॉ. संघवी व डॉ. राव यांच्यासह त्यांनी रुग्णालयातील कर्करोगाच्या व इतर रोग्यांच्या सवयी ताडून पाहिल्या. तो निबंध 1955 साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये आला. तंबाखू खाणाऱ्यांस मुख्यतः तोंडाचा, तर विडी ओढणाऱ्यांस घशाच्या बाजूचा कर्करोग अधिक, असा त्याचा निष्कर्ष होता.

कुष्ठरोगाकडेही त्यांनी तसेच लक्ष दिले. या रोगाच्या अगदी आरंभीच्या चट्ट्यांचे पेशीजाल तपासून, जंतू मज्जातंतूंत फार लवकर शिरतात, हे त्यांनी दाखविले. ज्यांना गावाबाहेर घालविले जाई, त्यांच्या कातडीचा एवढा बारकाईने अभ्यास कोणीतरी करावा, हे शुभवर्तमान वाचणाऱ्यास फार अर्थपूर्ण वाटेल.

1952 साली भारत सरकारच्या साह्याने मुंबईस भारतीय कर्करोग संशोधन केंद्र स्थापन झाले व त्याची उभारणी खानोलकरांनी केली. त्यांच्या हाताखाली तयार झालेल्यांत पुण्याच्या श्रीमती कमल रणदिवे होत्या. 1949 साली त्यांनी मुंबई विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे अमेरिकेत जॉर्ज गाय यांच्याजवळ शिकून आल्या व मुंबईच्या केंद्रात पेशी शरीराबाहेर बाटलीत वाढविण्याची प्रयोगशाळा त्यांनी उभी केली. अशा बाटलीतील पेशींवर नव्या औषधांची पारख करता येते. रोग्याच्या अंगावर प्रयोग करण्यापूर्वी ते द्रव्य कर्करोगाच्या पेशी मारते की नाही, आणि निरोगी पेशींना कितपत जाळते, हे पाहिले जाते.

ही औषधे कोठून येतात, हे मुलांस सांगण्यासारखे आहे. खानोलकर ज्या वर्षी जन्मले त्याच वर्षी आंध्रात जन्मलेले यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या अमेरिकेतील प्रयोगशाळेतून निघालेल्या अमिनोप्टेरिन या द्रव्याने, रक्ताचा कर्करोग झालेल्या मुलांना काही काळ उतार पडला, बोस्टनच्या डॉ. फार्बर यांनी हे 1948 साली प्रसिद्ध केले. आपल्या अंगणातील सदाफुलीत मधुमेहाचे औषध शोधताना कॅनडातील नोबल व बीअर यांना आढळले की, तिच्या अर्काने रक्तातील पांढऱ्या पेशी कमी होतात. त्यातून 1958 च्या सुमारास व्हिन्ब्लास्टिन व त्यामागून व्हिन्क्रिस्टिन ही औषधे आली. सह्याद्रीतील नरक्या या दुर्गंधी झाडात कॅम्प्टोथेसिन सापडल्याचे गोविंदाचारी व विश्वनाथन यांनी 1972 साली दाखविले. हे द्रव्य अमेरिकेत वॉल व वाणी यांनी 1966 साली एका चिनी झाडातून काढले होते. त्याच्यापासून तयार केलेली औषधे आज दवाखान्यांत आहेत. दुर्दैव एवढेच की, नरक्याची झाडेही त्या पायी बेसुमार तुटली.

मात्र येथे पालकांस एक विनंती आहे. हे वाचून कोणी सदाफुलीचा काढा घरी उकळू नये. झाडातील द्रव्य हे विषच असते. ते शुद्ध करून, वजनाने मोजून, रक्त तपासून दिले तर औषध. पाल्याच्या मुठीने दिले तर घात. मुळीवाल्यांच्या नादी लागून चार-सहा महिने दवडलेले आणि मग परळास गेलेले रोगी आमच्या मंडळीत आम्ही पाहिले आहेत. पांढऱ्या चट्ट्याच्या वेळी जे साधते, ते गाठीच्या वेळी साधेलच असे नाही.

खानोलकरांस पुढे पुष्कळ मान मिळाले. सरकारने त्यांस पद्मभूषण केले; आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन आयोगाचे ते अध्यक्ष झाले; 1960 ते 1963 या काळात ते मुंबई विद्यापीठाचे कुलगुरू होते व त्यानंतर राष्ट्रीय संशोधन प्राध्यापक. या यादीत आम्ही अधिक वेळ घालवीत नाही. 29 ऑक्टोबर 1978 रोजी ते निवर्तले.

त्यांनी दाखविलेली गोष्ट देशाने लगेच मनावर घेतली असे नव्हे. शाळेपासून शंभर यार्डांच्या आत तंबाखू विकू नये, असा कायदा होण्यास 2003 साल उजाडले. महाराष्ट्रात गुटख्यावर बंदी आली ती 2012 साली. तोंडाचा कर्करोग अजूनही आपल्या देशातील पुरुषांत अग्रभागी आहे, आणि बंदी असलेल्या पुड्यांचे रिकामे कागद आमच्या शाळेच्या कुंपणाशी दर सोमवारी झाडूवाल्यास सापडतात.

खानोलकरांनी उभारलेले केंद्र 1966 साली टाटा रुग्णालयाशी एक झाले. पुढे त्याचे संशोधनाचे काम नव्या मुंबईत खारघरच्या टेकडीपाशी गेले. तेथील एका इमारतीस खानोलकर शोधिका असे नाव दिले आहे.