सोयीचं आणि खरं

सगळ्यांना पटणारं बोललं की ते खरंच असतं का? निकोलाय वाविलोव्हची गोष्ट ऐका. १८८७ साली मॉस्कोत जन्मलेल्या या वनस्पतिशास्त्रज्ञाने देशोदेशी भटकून पिकांच्या बियांचा प्रचंड संग्रह लेनिनग्राडला जमवला. पण स्टालिनच्या राज्यात आनुवंशिकी 'भांडवलदारी' ठरली. बियाण्याला थंडी देऊन गव्हाची जातच बदलता येते, हा लायसेंकोचा दावा पक्षाला आवडला (शेतकऱ्याचा पोरगा ना तो!). भलेभले माना डोलवू लागले. वाविलोव्ह हलला नाही. १९४० मध्ये बिया गोळा करत असतानाच त्याला उचललं. आधी मृत्युदंड, मग वीस वर्षं कैद. १९४३ साली सारातोव्हच्या तुरुंगात तो उपासमारीने गेला. मेसच्या भाजीला नावं ठेवताना हेही आठवा: लेनिनग्राडच्या वेढ्यात त्याचे काही सहकारी बियाण्याच्या साठ्याशेजारी भुकेने मेले, पण दाण्याला हात लावला नाही. १९५५ मध्ये सरकारने वाविलोव्हला निर्दोष ठरवलं. लायसेंकोची खुर्ची मात्र १९६५ पर्यंत शाबूत होती.