नाना शंकरशेट : रेल्वे आणणारा गिरगावकर

ग्रँट रोड स्टेशनला पश्चिमेकडे उतरलात की थोडं चालून जो चौक लागतो, त्याला सगळे नाना चौक म्हणतात. वर तो भलामोठा लंबगोल स्कायवॉक, खाली टॅक्सी, बस आणि हॉर्न. टॅक्सीवाल्यापासून कंडक्टरपर्यंत सगळे दिवसभर हे नाव घेतात, पण हे नाना कोण असं विचारलं तर बरेच जण नाना फडणवीस म्हणून मोकळे होतील! हे नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेट. आपण व्हीटीला (आता सीएसएमटी) लोकलमध्ये धक्के खात चढतो ना, त्या लोकलच्या मुळाशी जी माणसं आहेत त्यातले हे एक. आणि माझ्या मते त्यांची खरी ओळख नुसत्या रेल्वेने पुरी होत नाही.

जन्म 1803 चा. घराणं मूळचं ठाणे जिल्ह्यातल्या मुरबाडचं, आडनाव मुरकुटे, ज्ञाती दैवज्ञ. वडील शंकरशेट हे मुंबईतले बडे व्यापारी. 1822 मध्ये ते वारले आणि सगळा कारभार विशीतही न पोचलेल्या नानांच्या अंगावर पडला. (आपण त्या वयात एम-थ्रीची केटी सोडवत असतो!) पैसा इतका होता की नुसतं बसून खाल्लं असतं तरी दोन-तीन पिढ्या सहज निघाल्या असत्या. पण एल्फिन्स्टन गव्हर्नर असतानाच्या त्या काळात मुंबईत शाळा काढण्याची चळवळ सुरू झाली होती, आणि नाना तरुणपणीच त्या कामात शिरले ते शेवटपर्यंत बाहेर पडले नाहीत.

इथे एक गोष्ट सांगायलाच हवी, कारण मी स्वतः कॉन्व्हेंटमध्ये शिकलेय आणि मराठी बहुतेक घरातच बोललेय. 1840 मध्ये मुंबई सरकारने बोर्ड ऑफ एज्युकेशन नेमलं. त्यात तीन हिंदी सभासद होते : नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा. पुढे सर अर्स्किन पेरी हे बोर्डाचे अध्यक्ष झाले. हे सुप्रीम कोर्टाचे न्यायाधीश, भला मोठा माणूस. त्यांचं म्हणणं असं की पैसा थोडा आहे, तो इंग्रजी शिक्षणावरच खर्च करावा. नानांनी याला विरोध केला. चार श्रीमंत मुलं इंग्रजी शिकतील, बाकीच्या लाखो लोकांचं काय? त्यांना ज्ञान मिळायचं तर ते मराठी-गुजरातीतूनच मिळेल, अशी त्यांची बाजू. दुसरे दोघे हिंदी सभासद त्यांच्याबरोबर होते आणि गंमत म्हणजे कर्नल जर्विस हा इंग्रज अधिकारीसुद्धा. वाद बरीच वर्षं चालला. वरचं शिक्षण इंग्रजीतच राहिलं, पण खालच्या शाळांमधून देशी भाषा हद्दपार झाल्या नाहीत. लक्षात घ्या, नाना इंग्रजीचे शत्रू अजिबात नव्हते. एल्फिन्स्टन इन्स्टिट्यूशन उभी करण्यात त्यांचा मोठा वाटा आहे. मुद्दा एवढाच होता की ज्यांच्यासाठी शाळा आहे त्यांचा विचार आधी करा. स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटीच्या तरुण मंडळींनी मुलींच्या शाळा काढल्या तेव्हा लोक नावं ठेवत होते. नानांनी सरळ आपल्या गिरगावच्या वाड्यात जागा दिली.

आता रेल्वे. दख्खनचा कापूस बैलांच्या पाठीवरून बोरघाट उतरून मुंबईला यायचा. वाटेत भिजायचा, धूळ खायचा, आणि पावसाळ्यात तर सगळं बंदच. मँचेस्टरच्या गिरणीवाल्यांना कापूस हवा होता. 1843 च्या सुमारास सरकारचे चीफ इंजिनीयर जॉर्ज क्लार्क यांच्या डोक्यात कुर्ला-ठाण्याकडून घाटापर्यंत रूळ टाकायची कल्पना आली. मग 1845 मध्ये मुंबईत रेल्वेसाठी संस्था उभी राहिली, तिच्या मंडळींत सर जमशेटजी जीजीभॉय आणि नाना ही दोन नावं होती. त्या वेळी हिंदुस्थानात वाफेच्या गाडीने एकही प्रवासी नेलेला नव्हता. स्वतः न पाहिलेल्या गोष्टीच्या मागे आपलं नाव आणि वजन उभं करायचं, हे धाडसच म्हणायचं. लंडनमध्ये जीआयपी कंपनी 1849 मध्ये कायद्याने स्थापन झाली, सरकारने भागधारकांना पाच टक्के व्याजाची हमी दिली (म्हणजे तोटा झाला तर भरणार हिंदी रयत!), आणि 1850 च्या ऑक्टोबरमध्ये सायनजवळ काम सुरू झालं. चीफ इंजिनीयर जेम्स बर्कली. गेज साडेपाच फुटांचा, जो आजही आपल्या लोकलचा आहे. सायनच्या दलदलीत भराव घालून बांध उभा करावा लागला. आम्हा सिव्हिलवाल्यांना सॉइल मेकॅनिक्सच्या प्रॅक्टिकलला एवढासा नमुना दाबताना घाम फुटतो, तिथे त्यांनी टोपल्यांनी माती टाकून हे केलं.

16 एप्रिल 1853 ला दुपारी 3 वाजून 35 मिनिटांनी बोरीबंदरहून गाडी सुटली. साहिब, सिंध आणि सुलतान ही तीन इंजिनं, 14 डबे, सुमारे 400 पाहुणे, 21 तोफांची सलामी. पाहुण्यांत नानाही होते. 34 किलोमीटरवर ठाणे. पुढच्या वर्षी गाडी कल्याणला गेली आणि 1863 मध्ये बोरघाट चढली. 37 फुटांना एक फूट असा चढ आणि 25 बोगदे! त्या घाटात कॉलरा, अपघात आणि दरडींनी हजारो मजूर मेले. त्यांची नावं कुठल्याच चौकाला नाहीत.

या सगळ्या धावपळीत नाना राजकारणातही होते. 26 ऑगस्ट 1852 ला बाँबे असोसिएशन स्थापन झाली, नाना तिचे अध्यक्ष. दादाभाई नौरोजी आणि भाऊ दाजी हे तेव्हाचे तरुण बरोबर होते. कंपनीची सनद 1853 मध्ये नव्याने ठरणार होती, म्हणून त्यांनी थेट ब्रिटिश पार्लमेंटला अर्ज पाठवला : कारभारात हिंदी लोकांना जागा द्या. काँग्रेसच्या जन्माआधी तेहतीस वर्षं! थोडक्यात, एका हाताने इंग्रजांबरोबर रेल्वे आणि दुसऱ्या हाताने इंग्रजांविरुद्ध अर्ज. काहींना हे दुटप्पी वाटेल, मला तसं वाटत नाही. 1857 मध्ये तर सरकारला त्यांच्यावरच संशय आला होता, चौकशीत काही निघालं नाही. आणि 1862 मध्ये त्याच सरकारने त्यांना मुंबईच्या कायदेमंडळावर नेमलं.

पण मला सगळ्यात आवडतं ते सोनापूरचं प्रकरण. सोनापूर म्हणजे आजच्या मरीन लाइन्सजवळची स्मशानभूमी, चंदनवाडीचा भाग. शहर वाढत होतं, वस्ती स्मशानाला येऊन भिडली होती. सरकारने ठरवलं की हे स्मशान इथून उचलायचं आणि शिवडीला न्यायचं. कागदावर बघितलं तर टाउन प्लॅनिंगच्या पेपरात फुल मार्क्स मिळतील असा निर्णय. पण गिरगाव-भुलेश्वरच्या माणसाने काय करायचं? प्रेत खांद्यावरून न्यायचे दिवस, भर पावसात शिवडीपर्यंत कोण चालणार? श्रीमंत गाडी करेल, गरिबाचं काय? नाना लोकांच्या बाजूने उभे राहिले, सरकारशी भांडले आणि स्मशान तिथेच राहिलं. शहराला रेल्वे आणणारा माणूस शहरातली एक जुनी जागा हलवू देत नाही, यात मला विरोध दिसत नाही. रेल्वे हवीच, पण शहर कसं बदलायचं हे त्यात राहणाऱ्यांना विचारून ठरवा, ही एकच गोष्ट ते शाळेच्या बोर्डात, असोसिएशनच्या अर्जात आणि सोनापुरात मांडत होते.

ग्रँट रोडचंही तसंच. सखल जागेतून हा रस्ता नुकताच झाला होता, फोर्टातल्या साहेबांना तो भाग म्हणजे गावाबाहेरचा चिखल. तिथे नाटकगृहासाठी नानांनी जमीन दिली आणि 1846 मध्ये ग्रँट रोड थिएटर उभं राहिलं. साहेब लोकांनी एवढ्या लांब यायला नाकं मुरडली, पण 1853 मध्ये विष्णुदास भावे सांगलीहून आपली मंडळी घेऊन आले आणि मराठी नाटक तिथे रंगलं. त्याच वर्षी रेल्वे, त्याच वर्षी नाटक! नोव्हेंबर 1864 मध्ये बीबीसीआयची गाडी ग्रँट रोडपर्यंत आली आणि गावाबाहेरची ती जागा स्टेशनाजवळची झाली.

त्यानंतर नाना फार दिवस राहिले नाहीत. अमेरिकेतलं युद्ध संपलं, कापसाचे भाव कोसळले, जुलै 1865 मध्ये मुंबईचा सट्टा बुडाला, आणि त्याच महिन्याच्या 31 तारखेला नाना गेले. मुलाने त्यांच्या नावाने संस्कृतची स्कॉलरशिप ठेवली. आपल्या आईवडिलांच्या पिढीत बोर्डात संस्कृतला पहिला आलेल्याला जगन्नाथ शंकरशेट मिळाली असं म्हणायचे, ती हीच. 1912 मध्ये ती चिंतामणराव देशमुखांना मिळाली होती, जे पुढे रिझर्व्ह बँकेचे पहिले हिंदी गव्हर्नर झाले.

रेल्वेने गिरगावचं काय केलं, तेही बघा. आधी तिने घाटावरून माणसं आणली, चाळी भरल्या. मग मुलांची लग्नं झाली, दहा बाय बाराच्या खोलीत मावेना, आणि त्याच रुळांवरून गिरगावकर दादर, डोंबिवली, विरारला गेले. सकाळी त्याच गाडीने परत नोकरीला. चाळींच्या जागी टॉवर आले. मेट्रो-3 साठी गिरगाव-काळबादेवीत जुन्या इमारती पाडल्या तेव्हा तिथल्या कुटुंबांनी हट्ट धरला की आम्हाला इथेच घर द्या, बाहेर जाणार नाही. त्यांचं पुनर्वसन तिथेच करायचं असं ठरवावं लागलं. सोनापूरच्या भांडणासारखंच हे, फक्त या वेळी मेलेल्यांसाठी नाही, जिवंत माणसांसाठी!

मुंबई सेंट्रलला नानांचं नाव द्यायचा प्रस्ताव राज्य मंत्रिमंडळाने 2024 मध्ये मंजूर केला. मेट्रो-3 ने मात्र ते नाव दिलंच. ऑक्टोबर 2025 मध्ये ती कफ परेडपर्यंत पूर्ण सुरू झाली, त्यात मुंबई सेंट्रलखालच्या स्टेशनाचं नाव जगन्नाथ शंकरशेट आहे. तिथून दक्षिणेकडे बसलात तर पुढचं ग्रँट रोड, आणि त्याच्या पुढचं गिरगाव.