खेळण्याच्या पोटात काय आहे?

आमच्या आठ वर्षांच्या नातवाकडे एक छोटी गाडी आहे. तिच्या पाठीवर बाणांची बटणे. दोनदा पुढे, एकदा उजवीकडे, पुन्हा पुढे, असा हुकूम आधी भरून ठेवायचा. मग गाडी तो निमूट पाळते. हुकूम चुकला की थेट पलंगाखाली! मुलांना प्रोग्रॅमिंगची गोडी लागावी म्हणून ही खेळणी निघाली आहेत. ती पाहिली की मला चार्ल्स बॅबेज आठवतो.

बॅबेज १७९१ साली जन्मला. वडील लंडनचे बँकवाले, म्हणजे आमच्याच बिरादरीतले. नवे खेळणे हाती आले की याच्या पोटात काय आहे, हा त्याचा आईला पहिला प्रश्न. उत्तर पटले नाही तर खेळण्याची धडगत नसे. एकदा आई त्याला यंत्रांच्या प्रदर्शनाला घेऊन गेली. पोराची उत्सुकता पाहून मर्लिन नावाच्या मालकाने त्याला माळ्यावरच्या कारखान्यात नेले. तिथे फूटभर उंचीची चांदीची नर्तकी होती. तिच्या बोटावरचा पक्षी शेपटी हलवी, पंख फडफडवी, चोच उघडी. पोरगा हरखून गेला.

पुढे तो गणिती झाला. त्या काळी गणिताची कोष्टके माणसे हाताने करीत आणि त्यांत चुका राहत. खतावणीतला एका पैशाचा फरक शोधत ज्यांनी रात्री काढल्या, त्यांना त्याचा संताप कळेल. हे काम यंत्राने करावे म्हणून १८२३ पासून सरकारी पैसा मिळू लागला. १८२७ या एकाच वर्षात वडील, पत्नी आणि एक मुलगा गेले. तरी काम थांबले नाही.

१८३२ मध्ये यंत्राचा छोटा भाग जुळून तयार झाला. शनिवारी घरी पाहुणे जमत. बॅबेज दांडा फिरवी. आकडे दोन-दोनने वाढत जात. बराच वेळ हे चाले, पाहुणे कंटाळत आणि अचानक आकडा भलतीच उडी घेई! चमत्कार कसला? कितव्या फेरीला नियम बदलायचा, हे त्याने आधीच यंत्रात बसवून ठेवलेले असे. नातवाची गाडी वळते तशीच ही उडी. १८३३ मध्ये कवी बायरनची सतरा वर्षांची मुलगी एडा हे यंत्र पाहायला आली, ती त्यात गुंतलीच. दहा वर्षांनी त्याच्या पुढच्या, अधिक मोठ्या यंत्रावर तिने लिहिलेल्या टिपांमधील एका कृतीला पुष्कळजण पहिला प्रोग्रॅम मानतात.

गंमत म्हणजे १८३४ साली ती चांदीची नर्तकी लिलावात निघाली. बॅबेजने ती घेतली, दुरुस्त केली, सजवून दिवाणखान्यात मांडली. मग पाहुण्यांची गर्दी तिच्याभोवती. शेजारच्या खोलीतल्या यंत्रापाशी दोन-तीन परदेशी पाहुणे. हे त्याला फार लागले.

सतरा हजार पौंड खर्चून १८४२ मध्ये सरकारने हात आखडता घेतला. खरे सांगायचे तर मीही पुढचा हप्ता मंजूर केला नसता. पहिले यंत्र अर्धवट टाकून गडी दुसऱ्याचे आराखडे काढत बसलेला! १८७१ मध्ये तो गेला, तेव्हा एकही मोठे यंत्र पुरे झालेले नव्हते. त्याच्याच आराखड्यांवरून लंडनच्या सायन्स म्यूझियमने १९९१ साली एक उभारले. ते एकतीस अंकांपर्यंत बिनचूक हिशेब करते.

परवा आमच्याकडे पाहुणे आले होते. त्यांनी नातवाला गाडी नाचवून दाखवायला सांगितले. तो पलंगाखाली पालथा पडून बटणांचा हिशेब लावत होता. उजवीकडचे एक वळण जास्त भरले गेले होते.