कुमार गंधर्व

शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकाळीमठ यांचा जन्म ८ एप्रिल १९२४ रोजी बेळगाव जिल्ह्यातील सुळेभावी या गावी झाला. थोर गवयांच्या ध्वनिमुद्रिका ऐकून हा बालक त्यांचे गाणे हुबेहूब गात असे. म्हणून लहानपणीच त्यास ‘कुमार गंधर्व’ ही पदवी लाभली. पुढे मुंबईस प्रो. बी. आर. देवधर यांजपाशी त्यांनी गायनविद्या संपादन केली.

परंतु ऐन तारुण्यात त्यांना क्षयाने गाठले. १९४८ साली ते कोरड्या हवेसाठी माळव्यातील देवास येथे राहावयास गेले. डॉक्टरांनी गाण्यास मनाई केली. गवयाला याहून मोठी शिक्षा कोणती? तथापि कंठ मिटला, तरी कान उघडे होते. अंथरुणावर पडून ते माळव्यातील लोकगीते मन लावून ऐकत.

काही वर्षांनी ते पुन्हा गाऊ लागले. पण एक फुप्फुस निकामी झाले होते. तेव्हा त्यांनी लहान, चपळ तानांची आपली स्वतंत्र गायकी घडविली. लोकधुनांतून मालवती, सहेली तोडी असे नवे राग निर्माण केले. काही जाणकारांस हे रुचले नाही. तरी ते आपल्या वाटेवरून ढळले नाहीत.

१९९० साली त्यांना पद्मविभूषण हा सन्मान मिळाला. १२ जानेवारी १९९२ रोजी देवास येथे ते निवर्तले. इतरांचे गाणे हुबेहूब गाणाऱ्या बालकास स्वतःचे गाणे गवसले, ते त्या सक्तीच्या मौनात!