लू गेरिग

हेन्री लुई गेरिग (१९ जून, १९०३ – २ जून, १९४१) हे अमेरिकेचे व्यावसायिक बेसबॉल खेळाडू होते. ते १९२३ ते १९३९ या काळात न्यू यॉर्क यांकीज संघाकडून खेळले. सलग २,१३० सामने खेळल्यामुळे त्यांना ‘आयर्न हॉर्स’ (लोखंडी घोडा) हे आगगाडीच्या इंजिनासाठी वापरले जाणारे टोपणनाव मिळाले. स्नायू निकामी करणाऱ्या असाध्य आजारामुळे त्यांची कारकीर्द अकाली संपली.

प्रारंभिक जीवन

गेरिग यांचा जन्म न्यू यॉर्क शहरात, जर्मनीहून आलेल्या गरीब कुटुंबात झाला. चार भावंडांपैकी एकटे तेच जगले. कोलंबिया विद्यापीठात शिकत असताना यांकीज संघाशी करार झाल्याने त्यांनी शिक्षण अर्धवट सोडले.

कारकीर्द

१ जून, १९२५ रोजी बदली फलंदाज म्हणून खेळल्यावर दुसऱ्याच दिवशी वॉली पिप यांच्या जागी ते फर्स्ट बेसवर क्षेत्ररक्षणास उभे राहिले. त्यानंतर सुमारे चौदा वर्षे त्यांनी एकही सामना चुकविला नाही. १९३४ मध्ये कंबरदुखीने बेजार असताना एका सामन्यात केवळ एकदा फलंदाजी करून ते बाहेर पडले. विक्रम मात्र अखंड राहिला. ३ जून, १९३२ रोजी त्यांनी एकाच सामन्यात चार होम रन काढले. त्यांच्या कारकिर्दीत एकूण ४९३ होम रन असून फलंदाजीची सरासरी ०.३४० आहे. संघाच्या सहा वर्ल्ड सिरीज विजयांत त्यांचा सहभाग होता.

आजार व निवृत्ती

१९३८ च्या हंगामात त्यांच्या खेळातील जोर ओसरू लागला. १९३९ च्या पहिल्या आठ सामन्यांत त्यांना केवळ चार यशस्वी फटके मारता आले. २ मे रोजी डेट्रॉईट येथे त्यांनी आपणहून व्यवस्थापक जो मॅकार्थी यांना स्वतःला वगळण्यास सांगितले. कर्णधार या नात्याने, स्वतःचे नाव नसलेली संघाची यादी त्यांनीच पंचांकडे नेऊन दिली.

जूनमध्ये मेयो क्लिनिकमधील तपासणीत त्यांना अमायोट्रॉफिक लॅटरल स्क्लेरोसिस (एएलएस) झाल्याचे निदान त्यांच्या ३६ व्या वाढदिवशी झाले. या आजारात स्नायूंना चालना देणाऱ्या चेतापेशी नष्ट होत जातात. ४ जुलै रोजी यांकी स्टेडियममध्ये ६० हजारांहून अधिक प्रेक्षकांसमोर त्यांना निरोप देण्यात आला. त्या वेळच्या भाषणात त्यांनी आजाराविषयी तक्रार न करता सहकारी, आईवडील आणि पत्नी एलेनॉर यांच्याविषयी कृतज्ञता व्यक्त केली. त्यांचा ४ हा क्रमांक संघाने कायमचा राखून ठेवला. मेजर लीग बेसबॉलमध्ये असा सन्मान प्रथमच दिला गेला.

अखेरचा काळ व वारसा

त्याच वर्षी त्यांची बेसबॉल हॉल ऑफ फेममध्ये निवड झाली. त्यानंतर न्यू यॉर्क शहराच्या पॅरोल आयोगाचे सदस्य म्हणून त्यांनी प्रकृतीने साथ दिली तोवर काम केले. पिप यांची जागा घेतल्याला बरोबर १६ वर्षे झाली, त्या दिवशी त्यांचे निधन झाले. सलग सामन्यांचा त्यांचा विक्रम १९९५ मध्ये कॅल रिपकेन यांनी मोडला. एएलएस हा आजार मात्र अमेरिकेत आजही ‘लू गेरिगचा आजार’ म्हणून ओळखला जातो.