आबालाल रहिमान : जीवन आणि निसर्गचित्रे

कोल्हापूरच्या कलापरंपरेचा आरंभ ज्यांच्यापासून मानला जातो, त्यांत आबालाल रहिमान यांचे स्थान अग्रभागी आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात कोल्हापुरातील एका मुस्लिम कुटुंबात त्यांचा जन्म झाला. मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत त्यांनी शिक्षण घेतले आणि व्हाइसरॉय पदक पटकावले. त्या काळी व्यक्तिचित्रे काढणाऱ्याला मुंबईत पैसा आणि प्रतिष्ठा दोन्ही मिळत. आबालाल मात्र कोल्हापूरला परतले. छत्रपती शाहू महाराजांनी त्यांना दरबारी चित्रकार म्हणून आश्रय दिला. दरबाराचे काम त्यांनी केले. पण त्यांचे मन रमले ते रंकाळा, पंचगंगेचा घाट आणि कोटितीर्थ यांच्या परिसरात.

जलरंगातील निसर्गचित्र हे दिसते तितके सोपे नसते. पारदर्शक जलरंगात पांढरा रंग वापरत नाहीत. कोऱ्या कागदाचा शुभ्रपणा हाच उजेड. तो आधीच राखून ठेवावा लागतो, कारण एकदा झाकला गेला की पुरता परत मिळत नाही. ठाण्याच्या वागळे इस्टेटमध्ये राहणाऱ्या विद्यार्थ्यांनी पावसाळी सकाळी येऊरच्या टेकड्या पाहाव्यात. जवळची झाडी गर्द दिसते, मागचा डोंगर फिकट आणि निळसर होत जातो. चित्रकार हे अंतर पातळ रंगाच्या थरांनी साधतो. पुढे पायवाटेवर कुंचल्याच्या दोन-तीन फटकाऱ्यांत एखादा माणूस उभा करतो, आणि त्या इवल्याशा आकृतीमुळेच डोंगराची उंची पाहणाऱ्याला कळते.

उत्तरायुष्यात आबालाल कोटितीर्थाच्या काठी एकांतात राहिले. ६ मे १९२२ रोजी शाहू महाराजांचे निधन झाले. त्या दुःखात त्यांनी आपली असंख्य चित्रे कोटितीर्थात बुडविली, अशी कथा सांगितली जाते. चरित्राच्या अभ्यासकाने अशी आख्यायिका आणि घडलेली वस्तुस्थिती यांत भेद करावयास हवा. तरी आश्रयदाता गमावलेल्या कलावंताची जी व्यथा लोकांनी या कथेत जपली, ती नाकारण्याचे कारण नाही. त्यांच्या विपुल निर्मितीच्या मानाने आज उपलब्ध चित्रे थोडी आहेत, एवढे निश्चित.

बाबूराव पेंटर यांच्यासह कोल्हापूरच्या पुढील पिढीतील चित्रकारांनी त्यांना आदर्श मानले. २८ डिसेंबर १९३१ रोजी कोल्हापुरातच त्यांचे निधन झाले.