चितळकरांचे ऋण

खडवलीसारख्या भातसेकाठच्या गावात काय किंवा ठाणे-डोंबिवलीच्या गल्लीबोळांत काय, लग्नाच्या वरातीत 'शोला जो भडके'ची चाल वाजू लागली की एरवी गंभीर असणारे शिक्षक आणि कारकूनही ताल धरतात. प्रणयाची हळुवार कबुली असे नाचत-बागडत देता येते, हे या गीताने शिकविले. त्यातला पुरुषस्वर चितळकरांचा. हे चितळकर म्हणजेच संगीतकार सी. रामचंद्र होत, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते.

रामचंद्र नरहर चितळकर यांचा जन्म १२ जानेवारी १९१८ रोजी नगर जिल्ह्यातील पुणतांब्याचा. विनायकबुवा पटवर्धनांकडे त्यांनी गायनाचे शिक्षण घेतले. १९३५ साली ते 'नागानंद' चित्रपटात नायक म्हणून झळकले. परंतु अभिनयात जम बसला नाही. मग मिनर्व्हा मूव्हीटोनमध्ये पेटीवादन, पुढे दोन तमिळ चित्रपटांचे संगीत आणि १९४२ मध्ये भगवान पालव यांचा 'सुखी जीवन', असा त्यांचा प्रवास झाला. भगवानदादांशी जडलेला हा स्नेह १९५१ च्या 'अलबेला'त फळाला आला.

'अलबेला'चा नायक गरीब घरातला नाटकवेडा तरुण. ठेंगण्या, स्थूल भगवानदादांना राजबिंड्या नायकाचा गळा शोभला नसता. चितळकरांचा साधा, किंचित खट्याळ स्वर त्यांना नेमका शोभला. शेजारी लताबाईंचा तेजस्वी स्वर आणि पाठीशी बोंगो, क्लॅरिनेट, सॅक्सोफोन व ट्रम्पेट. हा थाट पाश्चात्त्य नृत्यवृंदांचा होता. ताजमहाल हॉटेलात वाद्यवृंद चालविणारे गोमंतकीय ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, म्हणजे अंतोनियो झेवियर वाझ, हे चितळकरांचे साहाय्यक होते. उच्चभ्रूंच्या नृत्यगृहातले संगीत गिरणगावच्या चाळीत पोहोचले, ते या दोघांच्या मैत्रीतून.

शिष्टांना हे रुचले नाही. १९५२ मध्ये केंद्रीय नभोवाणी मंत्री झालेले बाळकृष्ण केसकर हेही मराठीच. त्यांच्या धोरणामुळे आकाशवाणीवरील चित्रपटगीतांना कात्री लागली आणि श्रोत्यांनी आपला रेडिओ सिलोनकडे वळविला. अभिजात संगीताविषयीची केसकरांची तळमळ खोटी नव्हती. पण श्रोत्यांच्या आनंदावर बंदी घालून अभिरुची घडत नाही, हे त्यांच्या ध्यानी आले नाही. ज्यांच्यावर उथळपणाचा शिक्का बसला, त्याच चितळकरांनी १९५३ मध्ये 'अनारकली'ला रागदारीचे लावण्य दिले आणि २७ जानेवारी १९६३ रोजी दिल्लीत त्यांच्याच चालीवरील 'ऐ मेरे वतन के लोगो' ऐकून सारा देश हेलावला. पुढे गदिमांच्या 'गीतगोपाल'लाही त्यांनी स्वर दिला.

५ जानेवारी १९८२ रोजी ते निवर्तले. आपण त्यांचे स्मरण करतो ते बहुधा प्रजासत्ताकदिनी, त्या एका गंभीर गीतापुरते. हा न्याय अपुरा आहे. राष्ट्राला अश्रूंची जशी गरज असते, तशी दिवसभर राबून घरी परतणाऱ्या माणसाला थोड्या नाचऱ्या सुखाचीही असते. ज्याने ही दोन्ही दाने एकाच हाताने दिली, त्याचे एकच दान मोजणे हा कृतघ्नपणाच होय. शाळा-महाविद्यालयांच्या स्नेहसंमेलनांत 'अलबेला'तील गीते वाजतील, तेव्हा चितळकरांचे आणि त्यांच्या गोमंतकीय साथीदारांचे नाव आवर्जून उच्चारले जावे. ऋण फेडण्याचा तो पहिला हप्ता ठरेल.